एका पत्त्यावर सारे वसतिगृह : राउटरच्या अंतर्गत जाळ्याची मांडणी

शाळेच्या स्मरणिकेत राउटरसारख्या यंत्रावर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. धम्म, शिक्षण, आठवणी आणि ऋणनिर्देश हे स्मरणिकेचे नेहमीचे विषय. परंतु आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींची कितीतरी निर्णायक कामे भिंतीवरच्या या लहानशा डब्यातून पार पडतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो, सीईटीचे प्रवेशपत्र संगणकावरूनच उतरवून घ्यावे लागते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच किंवा दुसरीच पिढी आहे, त्या घरातील मुलीला मुदतीच्या शेवटच्या रात्री ‘नेट चालत नाही’ असे सांगावे लागणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. तिचे एक वर्ष त्यात जाऊ शकते. म्हणूनच या विषयावर, तांत्रिक शिक्षण न घेतलेल्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांनाही समजेल अशा भाषेत, सविस्तर लिहिण्याचे आम्ही ठरवले.

‘नेट चालत नाही’ या एका वाक्यामागे तीन निरनिराळे आजार असतात. पहिला बाहेरचा : रस्त्यावर कुठे खोदकाम झाले, केबल तुटली, सेवा देणाऱ्या कंपनीकडेच बिघाड झाला. त्यावर आपल्या हातात फोन करून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नसते. दुसरा हवेतला, म्हणजे वायफायचा : भिंती जाड, अंतर फार, शेजारच्या इमारतींतील वायफायची गर्दी. तिसरा आजार मात्र पूर्णपणे घरातला असतो. बाहेरची लाइन सुरू असते, रेंजच्या काड्याही पूर्ण दिसतात, तरी काही फोन चालतात व काही चालत नाहीत. छपाईयंत्र काल सापडत होते, आज सापडत नाही. हा दोष अंतर्गत जाळ्याच्या मांडणीचा असतो. आमच्या अनुभवात वसतिगृहे, विहारांची ग्रंथालये आणि लहान कार्यालये यांच्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या प्रकारातल्या निघतात, आणि तेथे नवे यंत्र विकत घेण्याची गरज क्वचितच पडते.

अंतर्गत जाळे म्हणजे काय, हे समजण्यासाठी राउटरला दोन तोंडे असतात एवढे लक्षात घ्यावे. एक तोंड बाहेर, केबलवाल्याच्या लाइनकडे. त्याला वॅन म्हणतात. दुसरे आत, आपल्या फोन, संगणक व छपाईयंत्राकडे. त्याला लॅन म्हणतात. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तोच आयपी पत्ता. जुन्या व अजूनही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एवढे पत्ते भरपूर वाटत होते. ते पुरणार नाहीत हे जाणकारांना मात्र तेव्हाच दिसत होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये एका तांत्रिक मानकाने पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी निश्चितपणे राखून ठेवले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे, आणि आपल्या घरोघरी दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे.

डोंबिवलीकराला ही कल्पना चटकन समजावी. आपल्या प्रत्येक इमारतीत १०१ क्रमांकाची एक खोली असते. ठाकुर्लीच्या इमारतीतील १०१ आणि मानपाडा रस्त्यावरील इमारतीतील १०१ यांचा गोंधळ होत नाही, कारण हा क्रमांक इमारतीच्या आतच अर्थपूर्ण आहे. खासगी पत्ते तसेच. लाखो घरांत १९२.१६८.१.१ हाच पत्ता राउटरला दिलेला असतो आणि कुणाचे कुणावाचून अडत नाही. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा बाहेरील पत्ता. वसतिगृहातील मुलांची पत्रे पूर्वी अधीक्षकांच्या नावे येत आणि ते ती ज्याची त्याला पोहोचवीत. राउटर हेच काम दर सेकंदाला हजारो वेळा करतो. कोणत्या फोनने काय मागितले होते याची नोंद ठेवून आलेले उत्तर तो त्याच फोनकडे वळवतो.

या मांडणीत बदल करायचा तर राउटरच्या स्वतःच्या पानावर जावे लागते. त्याच्या जाळ्याला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत राउटरचा पत्ता लिहावा. (लेखात आम्ही देवनागरी अंक छापले आहेत, संगणकावर इंग्रजी अंकच टंकावे लागतात.) पत्ता बहुधा यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो. तो पुसला गेला असेल तर फोनच्या वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ या शब्दापुढे जो आकडा दिसतो तोच राउटरचा पत्ता. हे पान राउटरच्या आतच असते, इंटरनेटवर नव्हे. त्यामुळे बाहेरची लाइन बंद असली तरी ते उघडते. आजार ओळखण्याची पहिली कसोटी हीच. राउटरचे पान उघडते पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष बाहेर आहे, केबलवाल्याला फोन करावा. पानच उघडत नाही, तर दोष आत शोधावा. विंडोजच्या संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कुणीच पत्ता न दिल्यामुळे त्याने तो स्वतःच घेतला आहे असे समजावे.

आता पत्ते देतो कोण, या मुद्द्याकडे वळू. राउटरमध्ये डीएचसीपी नावाची एक व्यवस्था असते. तिचे काम समजावून सांगताना आम्हाला विनयपिटकातील दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंची हटकून आठवण होते. राजगृहाच्या वेळुवनात ठिकठिकाणांहून भिक्खू येत. त्यांना निवासाच्या जागा नेमून देण्याचे काम संघाने, रीतसर संमती घेऊन, दब्बांकडे सोपवले होते. या कामाला सेनासन-पञ्ञापक असे नाव आहे. रात्री अवेळी येणाऱ्यांनाही ते जागा दाखवीत. त्यासाठी त्यांच्या बोटातून ज्योत निघे, हा कथेतील अद्भुताचा भाग आपण बाजूला ठेवू. जमिनीवर राहणारी गोष्ट अशी की, आलेल्या प्रत्येकाला जागा मिळावी, एकच जागा दोघांना दिली जाऊ नये, आणि कोणाला कुठली जागा दिली हे देणाऱ्याच्या ध्यानात असावे. डीएचसीपीचे काम शब्दशः हेच आहे. फोन जाळ्यात आला की तो पत्ता मागतो. राउटर शिल्लक पत्त्यांपैकी एक ठराविक मुदतीसाठी देतो, नोंद करतो, मुदत संपली आणि फोन परत दिसला नाही तर तो पत्ता दुसऱ्यासाठी मोकळा करतो.

घरगुती राउटरमध्ये यासाठीचा साठा अनेकदा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असा, म्हणजे १०० पत्त्यांचा ठेवलेला असतो, आणि मुदत २४ तासांची. चार माणसांच्या घराला हे पुरून उरते. पण समजा वसतिगृहात ६० विद्यार्थी आहेत, कर्मचारी आहेत, कॅमेरे आहेत आणि त्यातच १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांनी वायफायचा पासवर्ड मागून घेतला. सकाळी अकरापर्यंत शंभर पत्ते संपतात. पाहुणे जेवून निघून जातात, पण त्यांच्या नावे दिलेले पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. संध्याकाळी अभ्यासिकेत बसलेल्या मुलाचा फोन ‘पत्ता मिळवत आहे’ असे दाखवत राहतो. त्याला वाटते रेंज नाही. आपण नवा राउटर आणतो. आजार तसाच राहतो.

यावर तीन उपाय आहेत. मुदत कमी करावी : अशा ठिकाणी दोन तास पुरेसे. साठा वाढवावा : शंभर ऐवजी १९२.१६८.१.२० पासून १९२.१६८.१.२५० पर्यंत. आणि त्यानेही भागत नसेल तर सबनेट मास्क बदलावा. मास्क हा आकडा आपल्या जाळ्याची हद्द ठरवतो. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल तर हद्दीत २५४ पत्ते वापरता येतात. तोच २५५.२५५.२५४.० केला आणि राउटरला १९२.१६८.०.१ हा पत्ता दिला, तर १९२.१६८.०.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत ५१० पत्ते मिळतात. हा बदल करताना ज्या यंत्रांना हाताने पत्ते दिले आहेत त्यांच्यातही नवा मास्क भरावा लागतो, हे विसरून चालत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. पत्ते वाढले म्हणून राउटरचे बळ वाढत नाही. घरगुती डबा काही डझन यंत्रे एकाच वेळी बोलू लागली की धापा टाकतो. तेथे दुसरा डबा जोडावाच लागतो.

आणि दुसरा डबा जोडला की खरा गोंधळ सुरू होतो. एखादे हितचिंतक घरचा जुना राउटर आणून देतात. कुणीतरी केबल पहिल्याच्या लॅन छिद्रातून काढून दुसऱ्याच्या लॅन छिद्रात घालतो. आता वसतिगृहात पत्ते देणारे दोघे झाले, दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. काही फोन पहिल्याकडून पत्ता घेतात आणि चालतात. काही दुसऱ्याकडून घेतात, आणि त्या राउटरला बाहेरची वाटच नसल्याने अडकतात. आज चालतो तो फोन उद्या चालत नाही. दोन अधिकारी एकाच खोल्यांचे वाटप परस्पर करू लागले तर जे होईल तेच येथे होते.

हे टाळण्याचा क्रम असा. दुसरा राउटर आधी कुणालाही न जोडता एकटा सुरू करावा आणि एका संगणकाला केबलने जोडावा. त्याच्या पानावर जाऊन प्रथम त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करावा. तो पत्ता डीएचसीपीच्या साठ्याबाहेरचा आहे याची खात्री करावी. नव्या पत्त्यावर पुन्हा प्रवेश करून वायफायचे नाव व पासवर्ड पहिल्यासारखेच ठेवावेत. मग त्याचा डीएचसीपी बंद करावा. हे सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर त्या संगणकाला पत्ता मिळणार नाही व पान उघडणार नाही. नंतरच केबल पहिल्या राउटरच्या लॅन छिद्रातून दुसऱ्याच्या लॅन छिद्रात घालावी; वॅनचे छिद्र रिकामे ठेवावे. अलीकडच्या अनेक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी एक निवड असते. ती केली की हे सारे आपोआप होते.

कधी कधी दुसरा राउटर वॅन छिद्रातूनच जोडणे भाग असते, उदाहरणार्थ सेवा देणाऱ्या कंपनीच्या डब्यात हात घालता येत नाही तेव्हा. अशा वेळी आपल्या राउटरचे अंतर्गत जाळे निराळ्या पट्ट्यात न्यावे : कंपनीचा डबा १९२.१६८.१ मध्ये असेल तर आपला १९२.१६८.५० मध्ये. दोन्ही बाजूंना सारखाच पट्टा राहिला तर आत कोणते आणि बाहेर कोणते हे राउटरला कळेनासे होते.

छपाईयंत्राची गोष्ट लहान आहे, पण कार्यालयाला सर्वाधिक त्रास तीच देते. यंत्र बंद करून दोन दिवसांनी सुरू केले की त्याला नवा पत्ता मिळतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असा भाग असतो. तेथे छपाईयंत्राचा मॅक क्रमांक, म्हणजे कारखान्यात मिळालेला कायमचा ओळखक्रमांक, लिहून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवावा. पुन्हा तक्रार येत नाही.

राखीव पत्त्याचा याहून मोठा उपयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. अंतर्गत जाळे इंटरनेटशिवायही जिवंत असते, हे बहुतेकांना माहीत नसते. वसतिगृहात रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक ठेवून त्याला एक कायमचा पत्ता दिला, तर तो सर्व मुलांसाठी ग्रंथालय होऊ शकतो. किविक्स या मोफत प्रणालीने १ मे २००३ पासून सुरू असलेला मराठी विकिपीडिया त्यावर साठवता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पाली तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर आणले आहे. हे सारे एकदा उतरवून ठेवले की पावसाळ्यात लाइन तुटो, महिन्याचा डेटा संपो, मुलाचे वाचन थांबत नाही. दादरला ‘राजगृह’ बांधताना बाबासाहेबांनी घरात ग्रंथांना किती जागा दिली होती हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्या मुलांच्या खोल्यांत तेवढे ग्रंथ मावणार नाहीत, पण एका पत्त्यावर मावतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे येतो. कार्यालयातील संगणकात काय असते? मुलांची आधार कार्डे, जातीचे दाखले, जात वैधता प्रमाणपत्रे, उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या पासबुकांच्या प्रती, पालकांचे दूरध्वनी क्रमांक. हाच संगणक बहुतेक संस्थांत मुलांच्या आणि पाहुण्यांच्या वायफायला जोडलेला असतो. कामाच्या सोयीसाठी एखादा फोल्डर ‘शेअर’ केलेला असला आणि त्याला पासवर्ड नसला, तर जाळ्यातील कोणीही तो उघडू शकतो. जातीचा दाखला मिळवण्यासाठी पालकांनी तहसील कार्यालयाचे किती उंबरे झिजवले, हे पालकच जाणतात; तो कागद भलत्याच्या हाती पडला तर त्याचा वापर मुलाला हिणवण्यासाठी कसा होतो, हेही आपल्या समाजाला सांगावे लागत नाही.

म्हणून कार्यालयाचे जाळे आणि मुलांचे-पाहुण्यांचे जाळे वेगळे असावे. सोपा मार्ग ‘गेस्ट नेटवर्क’चा. मुख्य राउटरवर ते सुरू करून ‘अंतर्गत जाळ्यात प्रवेश’ ही मुभा बंद ठेवावी. त्या वायफायवरील फोनला इंटरनेट मिळते, कार्यालयाचा संगणक दिसत नाही. ज्या लहान ग्रंथालयाविषयी वर लिहिले ते मुलांना दिसायला हवे असेल, तर ते मुलांच्या जाळ्यात ठेवावे लागते, आणि त्यासाठी मुलांकरिता स्वतंत्र राउटर अधिक बरा. ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलेल्या दुसऱ्या डब्यावरील गेस्ट नेटवर्क पुष्कळदा नावापुरतेच वेगळे असते. पाहुण्याच्या फोनवरून कार्यालयाच्या छपाईयंत्राचा पत्ता उघडतो का, हे करून पाहावे. उघडला तर विभागणी झालेली नाही.

‘वेगळे ठेवणे’ या शब्दांचा आपला पूर्वानुभव कटू आहे, याची आम्हाला जाणीव आहे. दब्ब मल्लपुत्तही सुत्तांचा अभ्यास करणाऱ्या भिक्खूंना एकत्र, विनयाचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र आणि ध्यान करणाऱ्यांना एकत्र जागा देत, एकाच्या पठणाने दुसऱ्याच्या ध्यानात व्यत्यय येऊ नये म्हणून. त्या वाटपात जन्माचा प्रश्न नव्हता. तरीही निकृष्ट जागा मिळाल्याची समजूत झालेल्या काही भिक्खूंनी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, संघाला चौकशी करावी लागली आणि दब्ब निर्दोष ठरले. वाटप करणाऱ्यावर संशय येतोच. वसतिगृहात मुलांच्या वायफायला वेग कमी का, ते रात्री दहाला बंद का होते, हे नियम भिंतीवर लिहून लावावेत आणि परीक्षेच्या दिवसांत ते सैल करावेत. अश्लील व फसवी संकेतस्थळे रोखण्यासाठी राउटरच्या डीएनएस रकान्यात १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा मोफत पत्ता भरता येतो. तेही मुलांना सांगून करावे. कोणता मुलगा काय पाहतो याची यादी चाळत बसणे आम्हाला मान्य नाही.

बाकीची काळजी थोडक्यात. राउटरच्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून येतो तसाच, म्हणजे ‘ॲडमिन’, ठेवू नये. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड एकच नसावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा ३ असावा, डब्ल्यूपीएस आणि दूरस्थ व्यवस्थापन बंद असावे. आपल्या शहरात इमारती एकमेकींना खेटून असल्याने २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर गर्दी फार. तेथे १, ६ व ११ या तीन वाहिन्यांपैकीच सर्वांत मोकळी निवडावी आणि जवळच्या खोल्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरावे. डबा लोखंडी कपाटावर किंवा कपाटात ठेवू नये.

बदल करण्यापूर्वी जुनी मांडणी एका वहीत उतरवून घ्यावी : राउटरचा पत्ता, मास्क, साठ्याची सुरुवात व शेवट, राखीव पत्ते, आणि केबलवाल्याने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड. पान उघडण्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर यंत्राच्या पाठीवरील बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबल्यास राउटर कारखान्यातल्या स्थितीत जातो. परंतु त्याबरोबर केबलवाल्याची माहितीही पुसली जाते, आणि ती वहीत नसेल तर चालू असलेली लाइनही बंद पडते. वही अधीक्षकांच्या कपाटात ठेवावी, राउटरशेजारी नव्हे. आणि ज्याने बदल केला त्याने तारीख घालून सही करावी.